एका शब्दाच्या मागे, मिलान ते रोम

गेली वीस वर्षं मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. दोनेक वर्षांपूर्वी एक प्रवासलेख हाती आला होता. त्यात लेखक आणि त्याची बायको 'ऑटोस्ट्राडा' धरून दक्षिणेकडे निघतात. मी लिहिलं, 'द्रुतगती मार्गाने दक्षिणेकडे निघाले.' अर्थ चुकला नव्हता, वाक्यही नीट वाचलं जात होतं, तरी काहीतरी सांडलंय असं वाटत राहिलं. लेखक इंग्रज. स्वतःच्या देशातल्या तसल्याच रस्त्याला तो 'मोटरवे' म्हणतो, आणि इटलीत चाक टेकलं की ऑटोस्ट्राडा. म्हणजे त्या एका शब्दात रस्ताही होता आणि देशही. माझ्या मराठी वाक्यात रस्ता राहिला, इटली गेली.

तो शब्द काही डोक्यातून जाईना. भाचा मिलानला नोकरी करतो, कधीपासून 'मावशी, ये की' म्हणून मागे लागला होता. यंदा सप्टेंबरच्या शेवटी जमलं. त्याने आठवड्याची रजा काढली, गाडी भाड्याने घेतली. मी म्हटलं, चित्रं, चर्चेस, कारंजी सगळं बघू, पण आधी मला रस्ता बघायचाय.

पहिला दिवस: माल्पेन्सा ते मिलान

विमान दुपारी उतरलं. विमानतळाच्या बाहेरचा रस्ता चांगला रुंद, मध्ये दुभाजक, पाट्या निळ्या. मी विचारलं, "हाच का?" भाचा म्हणाला, "नाही गं, थांब. पाटी हिरवी झाली की समज." बुस्तो आर्सित्सिओपाशी आमचा रस्ता दुसऱ्याला मिळाला आणि खरंच, डोक्यावरच्या पाट्या हिरव्यागार झाल्या. इटलीत ही रंगाची वाटणी पक्की आहे: साधे मोठे रस्ते निळ्या पाटीचे, ऑटोस्ट्राडा हिरव्या पाटीचा. हिरव्या पाटीखाली गेलं की पायी माणूस नाही, सायकल नाही, चौक नाही, सिग्नल नाही. वेगमर्यादा ताशी १३० किलोमीटर, पाऊस असला तर ११०.

"ऑटोस्ट्राडा," मी पाटी बघत मोठ्याने म्हटलं.

"मावशी, ट आणि ड सोड. आ-उ-तो-स्त्रा-दा. त तलवारीचा, द दाराचा."

मी इतकी वर्षं हा शब्द रोमन लिपीत वाचत होते, आणि रोमन लिपीत इंग्रजाचा आणि इटालियन माणसाचा शब्द अक्षरशः एकच दिसतो. देवनागरीत लिहायला घेतला की लगेच दोन होतात. इंग्रजी तोंडातला ऑटोस्ट्राडा टाळूला आपटत जातो, इटालियन तोंडातला आउतोस्त्रादा दातांवरून घसरतो. इंग्रजीने शब्द जसाच्या तसा उचलला असं कोशात म्हणतात. आपली लिपी सांगते की तसं नाही, उचलताना त्याचे त आणि द बदलून घेतले.

त्या रात्री प्रवासाच्या शिणाने लवकर झोपले.

दुसरा दिवस: लाइनाते, वारेझे आणि परत

काल ज्या रस्त्याने आलो तोच आज उलटा धरला, कारण या शब्दाचं जन्मगाव त्याच रस्त्यावर आहे. मिलानहून वायव्येला, सरोवरांच्या दिशेने जाणारा हा रस्ता म्हणजे 'आउतोस्त्रादा देई लागी', सरोवरांचा ऑटोस्ट्राडा. २१ सप्टेंबर १९२४ रोजी लाइनाते इथे राजा तिसरा व्हित्तोरिओ एमानुएले याने लान्चा त्रिकाप्पा गाडीतून फीत ओलांडून मिलान ते वारेझे हा भाग खुला केला. पुढच्या वर्षी कोमोकडचा आणि सेस्तो कालेन्देकडचा फाटा झाला. आज याच रस्त्यांना ए-८ आणि ए-९ म्हणतात.

कल्पना पिएरो पुरिचेल्ली या मिलानच्या अभियंत्याची. याच्याच माणसांनी १९२२ साली मोन्झाची शर्यतीची धावपट्टी काही महिन्यांत उभी केली होती. रस्ता कसा करायचा हे त्याला ठाऊक होतं. त्याने मांडलेली नवी गोष्ट वेगळी होती: हा रस्ता फक्त मोटारींचा. बैलगाडी नाही, घोडागाडी नाही, गुरं नाहीत, पादचारी नाही. वापरणाऱ्याने पैसे भरायचे, त्या पैशातून रस्ता फिटायचा. त्या काळी इटलीत मोटारी किती, तर मोजक्या श्रीमंतांच्या दारात. काँक्रीटचा सरळसोट पट्टा, जाणाऱ्या-येणाऱ्यांना तोच एक, मध्ये दुभाजक नाही. बर्लिनजवळ आवुस नावाचा फक्त मोटारींचा रस्ता १९२१ सालीच झाला होता, पण तो लांबीने जेमतेम दहा किलोमीटर आणि जीव शर्यतींत अडकलेला. गावाला गाव जोडणारा, कुणीही तिकीट काढून जावं असा रस्ता म्हणून मान लाइनातेचाच, असं माझं मत आहे.

नवीन वस्तूला नवीन नाव लागतं. इटालियन लोकांनी घरातलेच दोन शब्द जोडले: 'आउतो' म्हणजे मोटार, 'स्त्रादा' म्हणजे रस्ता. इतकं सोपं की कुणालाही विचारावं लागू नये. मराठीत तेव्हाच कुणी 'मोटाररस्ता' म्हटलं असतं तर तेच झालं असतं.

यातला 'स्त्रादा' फार जुना. लॅटिनमध्ये 'विआ स्त्राता' म्हणजे पसरलेली वाट, दगडांचे थर अंथरून केलेली. 'विआ' गळून पडलं, 'स्त्राता' उरलं, त्याचं स्त्रादा झालं. त्यामागचा लॅटिन धातू आणि आपला संस्कृत 'स्तृ' हे एकाच मुळाचे. 'विस्तार' त्यातूनच आला, आणि 'आस्तरण' वरून आपलं अंथरूणही. मी गाडीत हे सांगितलं तेव्हा भाच्याने वेग कमी केला. "म्हणजे आपण अंथरुणावरून चाललोय?" म्हटलं, शब्दाने विचारशील तर हो. कुणीतरी अंथरलंय म्हणून आपण पाय पसरतोय.

वारेझेला सरोवराकाठी तासभर बसलो, जेवलो आणि फिरलो. येताना लाइनातेजवळ 'व्हिल्लोरेझी ओव्हेस्त' या थांब्यावर गाडी घेतली. आन्जेलो बियान्केत्ती या वास्तुरचनाकाराची १९५८ सालची ही इमारत. गोल काचेची, आणि तिच्यावर तीन प्रचंड पोलादी कमानी आकाशात जाऊन एकमेकींना भिडलेल्या. लांबून, धावत्या गाडीतूनही दिसाव्यात म्हणूनच त्या तशा आहेत. मी खाली उभी राहून मान मागे टाकून बघत होते. महामार्गावरच्या खानावळीला कुणी इतकं प्रेमाने घडवावं याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

संध्याकाळी भाच्याच्या घराखालच्या पिझ्झाच्या दुकानात गेलो. मिलानमध्ये पिझ्झा भाजणारे हात पुष्कळदा इजिप्तच्या माणसांचे असतात, तसेच इथेही. भट्टीसमोरच्या गृहस्थाने विचारलं, कुठे फिरलात? भाच्याने सांगितलं, मावशी ऑटोस्ट्राडा बघायला आलीय. तो पीठ थापता थापता थांबला. म्हणाला, "सिन्योरा, तो तर आमच्याकडेही आहे. कैरोत एका मोठ्या रस्त्याचं नावच ओतोस्त्राद. मी लहान असताना शाळेला जाताना तोच ओलांडायचो." मी विचारलं, हा शब्द इटालियन आहे हे तेव्हा माहीत होतं? तो म्हणाला, "नाही. इथे आल्यावर पाटी वाचली तेव्हा वाटलं, यांनी आमचा शब्द कसा काय घेतला!"

तिसरा दिवस: मिलान ते बोलोन्या

आजपासून ए-१, 'आउतोस्त्रादा देल सोले', सूर्याचा ऑटोस्ट्राडा. मिलान ते नेपल्स, साधारण साडेसातशे किलोमीटर. १९ मे १९५६ रोजी मिलानजवळ सान दोनातोला पहिला दगड बसला आणि ४ ऑक्टोबर १९६४ रोजी शेवटचा तुकडा जुळला. आठ वर्षांत. युद्धाने मोडलेला देश, वर उद्योगांचं धुराडं, खाली शेती आणि गरिबी, आणि मध्ये आपेन्नीनो डोंगर. या रस्त्याने देशाची दोन टोकं एका दिवसाच्या अंतरावर आणली. 'सूर्याचा' म्हणण्यात दक्षिणेची ओढ आहे. रोमानियाने आपल्या बुखारेस्ट ते कोन्स्तान्त्सा या समुद्राकडच्या रस्त्यालाही हेच नाव दिलं आहे, 'आउतोस्त्रादा सोआरेलुई'. शब्द गेला तेव्हा सूर्यही सोबत घेऊन गेला.

मेलेन्यानोच्या नाक्यावर यंत्रातून तिकीट घेतलं. पिआचेन्झाला पो नदी ओलांडली. पुढे डाव्या-उजव्या बाजूला सपाट शेतं, मधूनच एखादं उंच घंटाघर. या पट्ट्यात ए-१ च्या जोडीने 'विआ एमिलिआ' धावते, इसवी सन पूर्व १८७ सालचा रोमन रस्ता. एमिलिआ या प्रांताला नाव या रस्त्यावरून पडलं. प्रांतामुळे रस्ता ओळखला जातो हे आपण नेहमी बघतो, इथे उलटं झालंय.

फिओरेन्झुओला दार्दा इथे तो प्रसिद्ध पूल आला. पूल म्हणजे खानावळच: रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी टाकलेली, १९५९ सालची, बियान्केत्तीचीच रचना. दोन्ही दिशांचे प्रवासी वर चढतात आणि पायाखालून गाड्या जाताना बघत खातात. इटलीत महामार्गावरच्या अशा कुठल्याही थांब्याला लोक सरसकट 'आउतोग्रिल' म्हणतात. आत रीत ठरलेली: आधी गल्ल्यावर पैसे, मग हातातली पावती कॉफीच्या काउंटरवर ठेवायची. काउंटरवाल्याने पावती जराशी फाडली, कप बशीत आपटला, आणि दोन घोटांची कॉफी समोर. उभ्यानेच प्यायची. मोझरेल्ला आणि टोमॅटोचा पानीनो तव्यावर दाबून आणून दिला, त्याच्या पाठीवर तव्याच्या काळ्या रेघा उमटलेल्या. बाहेर पडायला मात्र चीज, सलामी, चॉकलेटांच्या वळणावळणाच्या बोळातूनच जावं लागतं.

खिडकीशी आमच्या शेजारी एक पोलिश ट्रकचालक उभा होता. भाच्याने इंग्रजीत गप्पा सुरू केल्या. मी विचारलं, तुमच्या भाषेत या रस्त्याला काय म्हणता? "आउतोस्त्रादा." इटालियन शब्द? "इटालियन कसा? पोलिश." असं म्हणून त्याने वाक्यं करून दाखवली. रस्ता 'आउतोस्त्रादा', रस्त्यावर 'ना आउतोस्त्राजे'. मी त्याला तेवढंच पुन्हा म्हणायला लावलं. द चा ज झाला होता. शब्दाला पोलिश विभक्ती लागली होती आणि ती लागताना त्याचं अंग बदललं होतं.

तिथून पुढे बराच वेळ मी गप्प होते. आपल्याकडे रस्ता हा शब्द फारसीतून आला. आज आपण 'रस्तावर' म्हणत नाही, 'रस्त्यावर' म्हणतो. त्याचं सामान्यरूप होतं, कारण तो घरचा झालाय. ऑटोस्ट्राडाचं सामान्यरूप करायला आपली जीभ धजत नाही. 'ऑटोस्ट्राड्यावर' म्हणून बघा, कसं वाटतं! पोलिश माणसाला मात्र ते करताना विचारही करावा लागत नाही. पाहुणा कधी घरचा होतो, याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

बोलोन्याच्या बाहेरच्या नाक्यावर मात्र अडकलो. इथल्या नाक्याला 'कासेल्लो' म्हणतात, म्हणजे छोटंसं घर, पूर्वी तिथे नाकेदार राहायचा. आता यंत्र आहे. पिवळ्या पाट्यांची रांग तेलेपासवाल्यांची, आपल्या फास्टॅगसारखी, आणि ती तीस वर्षांहून जुनी. आम्ही कार्डाच्या रांगेत होतो. यंत्राने माझं कार्ड दोनदा नाकारलं. मागे गाड्या वाढत चाललेल्या, माझे हात थरथरायला लागले. भाच्याने मदतीचं बटण दाबलं, आतून बाईचा आवाज आला, दोन वाक्यं झाली आणि यंत्राने लांबलचक कागद बाहेर ढकलला: पैसे न भरल्याची पावती, पंधरा दिवसांत भरा. दांडा वर गेला. "आर्रिव्हेदेर्ची," यंत्र म्हणालं. म्हणजे 'पुन्हा भेटू'. इतक्या ताणानंतर तो शब्द ऐकून मला एकदम हायसं वाटलं. मुक्कामी पोचल्यावर भाच्याने आधी मोबाइलवरून ते पैसे भरले, मगच जेवायला बसला.

चौथा दिवस: बोलोन्या ते फ्लॉरेन्स

आपेन्नीनो ओलांडायला आता दोन ए-१ आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये नवा रस्ता झाला, त्यात साडेआठ किलोमीटरहून लांब बोगदा, त्याला 'दिरेत्तिस्सिमा' म्हणतात, सगळ्यात थेट. जुन्याला 'पानोरामिका'. आम्ही अर्थातच जुना घेतला. दरीवरून पूल, पुलावरून बोगद्यात, बोगद्यातून पुन्हा दरीवर. चेस्टनटची झाडं पिवळी पडायला लागलेली. १९६० साली हा भाग खुला झाला तेव्हा इथले लोक सहलीला, नुसता रस्ता बघायला यायचे म्हणे. खंडाळ्याच्या घाटात पहिल्यांदा नव्या बोगद्यांतून गेले होते ती सकाळ मला आठवली.

डोंगर उतरून फ्लॉरेन्सच्या उंबऱ्यावर, जिथे समुद्राकडून येणारा ए-११ मिळतो, तिथे रस्त्याच्या कडेलाच एक चर्च आहे. सान जोव्हान्नी बात्तिस्ता. लोक त्याला 'ऑटोस्ट्राडाचं चर्च' म्हणतात. जोव्हान्नी मिकेलुच्ची यांनी ते १९६० ते १९६४ या काळात बांधलं, हा रस्ता करताना मेलेल्या कामगारांच्या आठवणीसाठी.

लांबून ते तंबूसारखं दिसतं. तांब्याचं छप्पर, वाऱ्यापावसाने हिरवं पडलेलं, दोन-तीन ठिकाणी उंच ताणलेलं आणि मध्ये झोळ पडलेलं, जसा मुक्कामाला उतरलेल्या वाटसरूंनी कापडी आडोसा बांधावा. भिंती खडबडीत दगडांच्या. मी भिंतीवर हात फिरवला. टाक्याचे घाव बोटांना लागतात, एकही दगड गुळगुळीत केलेला नाही. प्रवेशाच्या लांब दालनात, ऑटोस्ट्राडाने जोडलेल्या शहरांच्या रक्षक संतांची ब्राँझची शिल्पं ओळीने. आत गेलं की काँक्रीटचे खांब झाडासारखे फांद्या फुटून छपराला जाऊन टेकलेले, लाकडी साच्याच्या फळ्यांचे ठसे त्यांच्यावर अजून तसेच. उजेड कमी. बाहेर दोन मोठ्या रस्त्यांचा अखंड घुंगाट, आणि आत तो पाण्याच्या आवाजासारखा ऐकू येतो.

शेवटच्या बाकावर एक ट्रकचालक टोपी मांडीवर ठेवून बसला होता. आम्हीही बसलो. मला जेनोआचा पूल आठवला, १४ ऑगस्ट २०१८, भर पावसात ए-१० वरचा तो उंच पूल कोसळला आणि ४३ माणसं गेली. भाचा म्हणाला, त्या दिवशी ऑफिसात कुणी बोलत नव्हतं. रस्ता अंथरणारी माणसं मरतात, त्यावरून जाणारीही मरतात. या देशाने निदान आधीच्या लोकांसाठी रस्त्यालगत बसायला एक जागा केली, आणि ती रस्त्याइतकीच मन लावून केली. आपल्या घाटांत, बोगद्यांत गेलेल्या मजुरांसाठी अशी जागा असावी, असं मला तिथे बसल्या बसल्या फार तीव्रतेने वाटलं. बाहेर येऊन पाऊण तास आम्ही काहीच बोललो नाही.

मुक्काम फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला एका शेतघरात होता. रात्री जेवणाच्या लांब टेबलावर समोर एक इंग्रज जोडपं, साठी उलटलेलं. बाई म्हणाल्या, आम्ही गाडीनेच आलो, आणि मग त्यांनी मार्ग सांगितला. मी मनात नोंद करत गेले. इंग्लंडात मोटरवे. बोगदा ओलांडून फ्रान्समध्ये 'ऑटोरूट'. आणि मग शेवटचा पूर्ण दिवस 'ऑन द ऑटोस्ट्राडा'. जर्मनीतून आल्या असत्या तर ऑटोबान म्हणाल्या असत्या, स्पेनमधून आल्या असत्या तर ऑटोपिस्टा. मी विचारलं, तिन्ही ठिकाणी रस्ता एकाच जातीचा, मग मोटरवेच का नाही म्हणत? त्या थोडा वेळ विचार करत राहिल्या. म्हणाल्या, "ते तसं नसतंच ना. ऑटोस्ट्राडा म्हटलं की ऊन आलं, कॉफी आली, नाक्यावर सुट्टे पैसे शोधणं आलं. मोटरवेवर आमच्याकडे पाऊस असतो."

हेच माझ्या भाषांतरातून सांडलं होतं.

मग मी विचारलं, असे दोन रस्ते असतील तर काय म्हणाल? त्या म्हणाल्या 'ऑटोस्ट्राडाज'. त्यांचे यजमान म्हणाले, नाही, 'ऑटोस्ट्राडे', इटालियनमध्ये तसंच होतं. कोशांत दोन्ही अनेकवचनं सापडतात. एकाच टेबलावर, एकाच घरातली दोन माणसं, आणि त्यांच्या भाषेने अजून ठरवलेलं नाही की हा शब्द आपला की त्यांचा. पोलिश चालकाचं ठरलं होतं, कैरोच्या गृहस्थांचंही. फ्रेंचांनी काही काळ 'ओतोस्त्राद' वापरून बघितला आणि मग स्वतःचा ऑटोरूट घडवला. इंग्रजी मात्र शंभर वर्षांपासून या शब्दाला पाहुण्यांच्या खोलीत ठेवून आहे, आणि तिने तिथेच ठेवावं असं मला वाटतं. घरचा झाला असता तर ऊन आणि कॉफी सांगायचं काम त्याने सोडलं असतं.

(आणि स्त्रादाचं अनेकवचन स्त्रादे! आपल्या रस्त्याचं रस्ते. त्यांच्याकडे ती स्त्रीलिंगी, आपल्याकडे तो पुल्लिंगी, निव्वळ योगायोग आहे, पण कानाला गोड लागला.)

पाचवा दिवस: सिएनामार्गे रोम

फ्लॉरेन्स ते सिएना पाट्या पुन्हा निळ्या. हा 'सुपरस्त्रादा', टोल नाही, वळणं जास्त, रस्ता उखडलेला. नावात सुपर असलं तरी मान ऑटोस्ट्राडाचाच मोठा. सिएनात दुपारपर्यंत फिरलो.

वाल्दीकिआनाला परत ए-१ धरला. किऊझी ते ओर्विएतो हा शेवटचा तुकडा ४ ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान आल्दो मोरो यांनी खुला केला आणि मिलान ते नेपल्स अखंड झालं. ओर्विएतोचं गाव उंच खडकावर पिवळ्या उन्हात तरंगताना दिसलं. रोमला पोचेपर्यंत दिवे लागले.

सहावा दिवस: विआ आप्पिआ

गाडी परत केली. शेवटचा दिवस पायी.

शहराच्या दक्षिणेला विआ आप्पिआ, इसवी सन पूर्व ३१२ सालची. दुतर्फा पाइन, पडक्या समाध्या, आणि मध्ये मूळचे काळे बसाल्टचे दगड. सह्याद्रीचा दगड आहे हा, आपल्या ओळखीचा. एकेक दगड पाटाएवढा, वरून घासून गोल झालेला, कडांना कडा बसवलेल्या. काही ठिकाणी चाकांनी खोल चरे पाडलेत. मी वाकून एका चऱ्यात तळहात ठेवला, मनगटापर्यंत आत गेला. दगड उन्हाने तापलेला होता.

हीच ती अंथरलेली वाट. इंग्रजांच्या पूर्वजांनी 'स्त्राता' हा शब्द रोमन लोकांकडून एकदा आधीही घेतला होता, ब्रिटनच्या बेटावर पाय ठेवण्याआधीच. तो इतका मुरला की आज त्यांचा 'स्ट्रीट' परका होता हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. स्ट्रॅटफर्ड या गावाच्या नावातही तोच आहे, रोमन रस्ता नदी ओलांडतो ती जागा. दीड हजार वर्षांनी तोच शब्द दुसऱ्यांदा त्यांच्या दारी आला, मोटारीत बसून, आणि या वेळी त्यांनी त्याला ओळखलं नाही.

भाचा दूर एका समाधीचे फोटो काढत होता. तेवढ्यात पुण्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला.

"पोचलात का गं रोमला? कशाने आलात, रेल्वेने?"

"नाही गं, गाडीने. आउतोस्त्रादावरून."

"कशावरून?"

"आउतोस्त्रादा. त तलवारीचा, द दाराचा."

"म्हणजे आपला एक्स्प्रेस वेच ना?"

"तसाच," मी म्हटलं, "पण इटलीतला."

"बरं, तिकडे ऊन आहे का? इथे सकाळपासून पाऊस लागलाय."

म्हटलं, आहे, चांगलं कडक आहे, आणि दगडावरून हात काढून पदराने घाम पुसला.